मोहाचं पहिलं माप

२४ मार्च, सोमवार. संग्रहालयाच्या साठ्याची वार्षिक पडताळणी आज सुरू केली. तीन दिवसांत संपवायची आहे, कारण एक एप्रिलला मला दुसऱ्या जिल्ह्यात रुजू व्हायचं आहे.

हे काम दोघांचं. तसा नियमच आहे. एकानं दाखल नोंदवहीतला क्रमांक आणि वर्णन मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं वस्तूला बांधलेली चिठ्ठी बघून ‘आहे’ म्हणायचं, मग पहिल्यानं खूण करायची. यंदा सहायक अभिरक्षकाची जागा रिकामी आहे, मांडणी करणाऱ्याची तर पाच वर्षांपासून रिकामी, आणि पहारेकऱ्याला दारावरून हलवता येत नाही. म्हणून मी टेबलाशी बसून वाचते, ‘एकशे अठरा, पितळी समई.’ मग उठते, कपाटाशी जाते, चिठ्ठी बघते आणि ‘आहे’ म्हणते. मनात म्हटलं तरी चालेल. पण मोठ्यानं म्हटलं की मोजणी चुकत नाही. दुपारपर्यंत दोनशे वस्तू झाल्या. स्वतःचा आवाज इतका वेळ सलग मी कधी ऐकला नसेल.

परीक्षांचे दिवस आहेत. शाळांच्या सहली बंद, शनिवारचे कार्यक्रम बंद. चंद्रपूरचं ऊन मार्चमध्येच भिंती तापवतं. मधल्या दालनातला कूलर घरघरतो आणि जिथं माणूस नाही तिथंच गार हवा सोडतो. मागच्या कुंपणालगत मोहाची दोन झाडं आहेत, त्यांचा वास दुपारी खिडकीतून आत येतो. ज्यांना तो माहीत नाही त्यांना सांगायचं तर, भिजवलेल्या तांदळात कुणी गूळ टाकून भांडं विसरून जावं, तसा. पहिले दोन दिवस बरा वाटतो, मग डोकं जड होतं. पहाटे पडलेली फुलं झाडूवाल्या बाई नऊ वाजता पाचोळ्याबरोबर लोटून नेतात. फिकट पिवळी, रसानं टचटचीत फुगलेली. हातात घेतली की द्राक्षासारखी थंड लागतात.

हा वास सुरू झाला की मला तीनशे सात नंबर आठवतो. आज तो आठवणीतून टेबलावर यायची वेळ आली.

तीनशे सात: लाकडी माप, शिवणीच्या एकाच ओंडक्यातून कोरलेलं, बुडावर कासवाची नक्षी. मिळाल्याचा प्रकार: दान. खाली सही माझी. त्या ओळीतला ‘दान’ हा शब्द खोटा आहे, आणि हे ठाऊक असलेली या इमारतीत आता मी एकटी उरले आहे. पुढच्या अधिकाऱ्याच्या हातात वही गेली की तो शब्द खरा होईल. सात दिवसांत काय ते मलाच करायचं आहे.

वाचायचं थांबले आणि चहा करून घेतला.

पूर्वी ‘आहे’ म्हणायला शकीलभाई होते. हुद्दा मांडणी सहायक, मुळात माणूस सुतार. चंद्रपुरात त्यांच्या वडिलांचं दरवाजे-खिडक्यांचं दुकान होतं. वस्तूसाठी चौथरा करताना ते आधी वस्तूवरून हात फिरवत बसायचे, मग लाकूड निवडायचे. पडताळणीत मात्र ते ‘आहे’ म्हणत नसत.

“दोनशे चाळीस, मातीचा घोडा,” मी वाचायची.

“हाजिर. पण एक पाय गैरहाजिर हाय.”

“शकीलभाई, ‘आहे’ म्हणा. ही शाळा नाही.”

“शाळेत पोरगं हजेरीले ‘आहे’ म्हणते का मॅडम? अन् हे बी बिचारे बेंचवरच बसून राह्यले ना.”

मी हसायची नाही. साहेबीण हसली की काम ढिलं पडतं, असं मला तेव्हा वाटायचं. माणसांवर देखरेख करायची म्हणजे डबा एकटीनं खायचा, हे नेमणुकीच्या कागदात लिहिलेलं नसतं. सुरुवातीला एकदा मी माझा डबा घेऊन मागच्या खोलीत गेले. आत शकीलभाई, तेव्हाचे सहायक आणि पहारेकरी खिमा-पोळी, ठेचा खात कुणाच्या तरी सासूच्या गोष्टीवर पोट धरून हसत होते. मी आत पाय टाकला आणि तिघंही उठून उभे राहिले. खुर्ची दिली, पाणी दिलं, “घ्या ना मॅडम” म्हणाले. सासूची गोष्ट मात्र तिथंच थांबली. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या टेबलावर जेवू लागले. अजून तिथंच जेवते. आता मागच्या खोलीत कुणी नसतं, पण सवय मोडत नाही. घरीही मी एकटीच असते. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी बंगळुरूला. तक्रार म्हणून हे सांगत नाही. पडताळणीच्या दिवसांत मोजायची सवय लागते, म्हणून लिहिलं.

ते माप मला मिळालं नऊ वर्षांपूर्वी. अहेरीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडल्यावर जीपनं तासभर आत, एका माडिया गावात आम्ही वस्तू जमवायला गेलो होतो. गावचा पुजारी, ज्याला तिकडे गायता म्हणतात, ते कोलू उसेंडी. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांची सून रैनीबाई अंगणवाडीत मदतनीस होती, ती दोन्हीकडचं बोलायची. कोलूंनी घरातून ते माप आणलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. आतली बाजू इतकी गुळगुळीत, की किती पिढ्यांचे हात त्यातून फिरले असतील याचा अंदाज लागत नव्हता.

“त्या गावात नवा मोह कोणी असाच उचलत नाही,” असं आमच्या जीपवाल्यानं वाटेत सांगितलं होतं. आधी पंडुम होतो, म्हणजे नव्या पिकाचा सण. त्या दिवशी गावातला पहिला मोह गायता या मापात भरतो, देवापुढे ठेवतो. मग घरोघरच्या बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात.

मी रैनीबाईंना विचारलं, “मग हे आम्हाला कसं देता?”

“वर्षातून एक दिवस लागते आमाले. बाकी दिवस तुमी ठेवा. इथी वाळवी लय हाय, बाई. मागचं माप वाळवीनंच खाल्लं. तुमच्याकडं काचेत राहील. मोहाच्या दिवसात आमी येऊन नेऊ, अन् परत आणून देऊ.”

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मी लगेच “हो” म्हटलं. कोलूंनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि व्यवहार संपला. कागद नाही, सही नाही.

चंद्रपूरला आल्यावर कागद करायचा होता. छापील अर्जावर तीन चौकटी होत्या: दान, खरेदी, हस्तांतर. उसनवारीच्या वस्तूंसाठी वेगळी वही ठेवावी लागते. आमच्याकडे ती नव्हती, ती सुरू करायला वरिष्ठ कार्यालयाशी पत्रव्यवहार करावा लागला असता. अहवाल पाठवायची घाई होती. मी ‘दान’वर खूण केली. मनात म्हटलं, आपण देणारच आहोत वर्षातून एक दिवस, शब्दानं काय होतं?

हे म्हणणारी मी, ब्रह्मपुरीच्या मास्तरांची मुलगी. आमच्या घरात कागदानंच माणसं वर आली. माझ्या आजोबांच्या तोंडी बोलण्याला कुणी किंमत दिली नाही. वडिलांनी दाखला, गुणपत्रिका, नेमणुकीचा हुकूम अशी एक पत्र्याची पेटी भरली आणि त्या पेटीच्या बळावर आम्ही पाचही भावंडं शिकलो. लिहिलेलं तेवढंच टिकतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. तरी लिहिताना चुकीचं लिहिलं. आणि एकदा लिहिल्यावर त्यालाच चिकटून बसले.

मांडणीच्या वेळी शकीलभाईंनी सागवानाचा छोटा चौथरा केला आणि माप त्यावर ठेवलं. मी बघितलं. कासव दिसत नव्हतं.

“उलटं ठेवा,” मी म्हटलं. “नक्षी बुडावर आहे. लोकांना काय, नुसतं भांडं दाखवायचं?”

“बर्तन हाय, मॅडम. उलटं ठेवलं तर अम्मी रागवायची माझी.”

“तुमच्या अम्मी तिकीट काढून येणार आहेत का बघायला?”

ते हसले, पण चौथरा बदलला. उलट्या मापाला नीट धरेल अशी खोबण कोरून दिली. वरून छोटा दिवा सोडला. कासव झक्क दिसू लागलं. माहितीपत्रकावर मी त्याचंच छायाचित्र टाकलं.

पुढच्या वर्षीचा मार्च. असंच ऊन, असाच वास. वरून एक मोठे अधिकारी दालन बघायला येणार होते, त्याची तयारी चालू होती. दुपारी पहारेकरी सांगत आला, “दोन जण आले हायेत. अहेरीकडचे.”

कोलू आणि रैनीबाई. पहाटे गावातून निघाले असतील. दोघं शोकेससमोरच्या बाकावर बसले होते. रैनीबाईंच्या मांडीवर घडी केलेलं नवं कोरं पांढरं कापड होतं. माप गुंडाळून न्यायला आणलेलं.

मी त्यांना पाणी दिलं आणि नियम सांगितला. नोंदवलेली वस्तू इमारतीबाहेर न्यायची तर वरून परवानगी लागते. आजच पत्र पाठवते, परवानगी आली की मी स्वतः गाडीनं पोचवते.

“एकच दिवस, बाई,” रैनीबाई म्हणाल्या. “परवा परत आणून देतो. बोलणं झालं होतं ना आपलं?”

“झालं होतं. पण परवानगी आल्याशिवाय मला काही करता येत नाही.”

“मोह पडून राह्यला तिकडं. माप नाई तर उचलायचा कसा?”

आणि मी म्हटलं, “या वर्षी दुसरं एखादं माप घ्या ना.”

कोलूंनी सुनेला विचारलं, बाई काय म्हणाली. तेवढं मला गोंडी न येता कळलं. रैनीबाईंनी त्यांना सांगितलं नाही. नुसतं कापडावरून हात फिरवत राहिल्या. मग कोलू बराच वेळ काचेकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होते, पुन्हा पुन्हा तेच. मला वाटलं, दिव्यात माप छान दिसतंय असं म्हणत असतील. मी मान हलवली. हसलेसुद्धा.

ते पाचच्या गाडीनं गेले. शकीलभाई त्यांना स्टँडवर सोडून आले आणि सरळ माझ्या टेबलापुढे उभे राहिले.

“मॅडम, मी आठ दिवसात त्याच्यासारखं दुसरं करून देतो. खाली लिहा, नक्कल हाय म्हणून. काचेत ते ठेवा, त्याहिचं त्याहिले द्या.”

“साहेब बघायला येणार आणि आपण नक्कल दाखवायची?”

“साहेबाले मोह येचायचा हाय का?”

“शकीलभाई, तुम्ही तुमचं काम करा.”

ते त्यांचं काम करू लागले. उत्तम करू लागले. निवृत्त होईपर्यंत एकही चौथरा वाकडा झाला नाही. पण त्या वर्षीच्या पडताळणीत, आणि नंतरच्या प्रत्येक पडताळणीत, ते ‘आहे’ म्हणाले. नियमाप्रमाणे. मला हवं होतं तसं. ‘हाजिर’ मी पुन्हा ऐकलं नाही.

वरच्या कार्यालयाचं उत्तर आलं ते एप्रिलच्या अखेरीला. प्रस्ताव विहित नमुन्यात तीन प्रतींत सादर करावा. ते पत्र बॅगेत ठेवून मी अहेरीला दुसऱ्या कामासाठी गेले आणि तिथून गावात गेले. मोहाच्या झाडांखालची जमीन बायकांनी हंगामाआधी पाला जाळून स्वच्छ केलेली होती, काळी, झाडलेल्या अंगणासारखी. त्या काळ्या जमिनीवर फुलांचा तपकिरी थर वाळून चिकटला होता. मध्ये मध्ये खुरांचे ठसे. एका झाडाच्या सालीवर अस्वलाचे ओरखडे. वास गोड नव्हता राहिला, आंबला होता. मोह म्हणजे त्या घरांचं पावसाळ्यातलं तेल-मीठ. मला हे माहीत होतं. माझ्याच दालनातल्या फलकावर मीच ते लिहिलेलं होतं.

रैनीबाई अंगणात टोपली विणत होत्या. मी पत्राचं सांगायला गेले, त्यांनी ऐकून घेतलं.

“दुसरं माप केलं आमी,” त्या म्हणाल्या. “शिवण तोडा, कोरा, देवाले विचारा. अर्धा मोह गेला तवर. झाड कोणासाठी थांबते का?” मग टोपलीतून मान वर न काढता, “तुमच्याकडचं राहू द्या आता. वाळवी नाई लागत ना त्याले?”

“नाही.”

“मंग झालं.”

मी उठले. त्यांनी चहा विचारला नाही. त्या भागात दारात आलेल्या माणसाला चहा विचारत नाहीत असं सहसा होत नाही.

त्यानंतर मी दोन चांगले उपक्रम सुरू केले, तीन नवी दालनं उभी केली, शाळांची मुलं आणली, सहायकांना शिस्त लावली. वार्षिक अहवालात ते सगळं आहे. दर मार्चमध्ये ‘तीनशे सात’ वाचलं, कुणीतरी ‘आहे’ म्हणालं, मी खूण केली. तीन प्रतींतला प्रस्ताव पाठवला नाही. आता त्यांना लागत नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पाठवायचा तर ‘दान’ ही नोंद चुकीची होती असं लिहावं लागलं असतं, आणि खाली सही करावी लागली असती.

आज शोकेस उघडली. मोहाचा वास येईल असं वाटलं होतं. आला तो डांबरगोळ्यांचा. चिठ्ठी बघितली, तीनशे सात. तोंडातून ‘आहे’ निघेना. तशीच खुर्चीवर येऊन बसले आणि शकीलभाईंना फोन लावला. ते आता कोरपन्याला मुलाकडे असतात. निवृत्तीनंतर मी त्यांना एकदाही फोन केला नव्हता.

“कोण, मॅडम? बोला. काही मोडलं का?”

“नाही. पडताळणी करतेय. एकटीच आहे.”

“एकट्यानं होते का ते?” ते म्हणाले. मग, “कितव्या नंबरवर अडल्या?”

मी सांगितलं नाही आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “चौथऱ्याला मागून एक खुंटी हाय. ती काढल्याशिवाय माप निघणार नाई. ओढू नका.”

रैनीबाईंचा नंबर अंगणवाडीच्या जुन्या यादीत होता. लागला. मी कोण ते सांगायला बराच वेळ गेला. मग म्हटलं, तुमचं माप घेऊन येते.

“काऊन आता?”

“तुमचं आहे म्हणून. मी चुकीचं लिहिलं होतं.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. “नव्या मापानं चालते आमचं,” त्या म्हणाल्या. “पण आणा. बुढा मरेपर्यंत म्हणत होता, आपलं माप तिथी डोक्यावर उभं केलं त्याहिनं. माप उलटं ठेवत नाई, बाई. गाव उपाशी राह्यते म्हणते. त्या दिवशी तुमाले तेच तर सांगत होता. तुमी हसल्या.”

मी उघड्या शोकेसकडे पाहिलं. कासव वरच होतं.

“परवा पंडुम हाय,” त्या म्हणाल्या. “गायता आता माझा दीर हाय. तो घेते का नाई, ते मी नाई सांगू शकत. येता तर या.”

२५ मार्च, मंगळवार. आठ वाजता कार्यालय उघडलं. नोंदवहीतल्या ‘दान’ या शब्दावर लाल शाईनं एक रेघ मारली, शब्द वाचता येईल अशी. वर ‘उसनवार’ लिहिलं, सही केली, तारीख घातली. वरिष्ठ कार्यालयाला पत्र लिहिलं: नोंद चुकीची होती, चूक माझी, वस्तू मालकांना परत करत आहे. चौकशी होईल तेव्हा उत्तर देईन. चौथऱ्यामागची खुंटी काढली. माप सहज निघालं. रिकामा चौथरा तसाच ठेवला, दिवा बंद केला.

पडताळणीच्या तक्त्यात तीनशे सातपुढे काय लिहावं यावर थोडा विचार केला. मग ‘गैरहजर’ लिहिलं. पुढच्या अधिकाऱ्याला शब्द चुकीचा वाटेल. वाटू दे.

दहाची अहेरी गाडी मिळाली. खिडकीची जागा. माप पांढऱ्या टॉवेलवर ठेवून मांडीवर धरलं, तोंड वर करून. बल्लारपूर गेल्यावर कंडक्टर तिकिटाला आला.

“बाई, ते खाली ठेवा ना पायाजवळ. लय लांब जायचं हाय तुमाले. काय हाय त्यात?”

“काही नाही.”

“मंग रिकामं भांडं दोन्ही हातानं धरून काऊन बसल्या?”

“उलटं होऊ नये म्हणून,” मी म्हटलं, आणि तिकीट हातात घ्यायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याला ते मापातच टाकायला सांगणार होते. सांगितलं नाही. एक हात काढून तिकीट घेतलं, कमरेला खोचलं, आणि हात परत मापाला लावला.